कुमाऊंच्या चढणीवरील बांज

काठगोदाम हे कुमाऊंच्या डोंगरांच्या पायथ्याचे रेल्वेस्थानक समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि तेथून निघणारा रस्ता ज्योलीकोटमार्गे पस्तीसेक किलोमीटरांत नैनितालला, म्हणजे जवळजवळ चौदाशे मीटर अधिक उंचीवर जाऊन पोहोचतो. एवढ्या थोड्या अंतरात रानाचे तीन थर ओलांडले जातात. पायथ्याच्या भाबरात, म्हणजे नद्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या कोरड्या पट्ट्यात, सालाचे सरळसोट वृक्ष असतात. थोडे वर चढताच चीड, म्हणजे लांब सुयांसारख्या पानांचा हिमालयी पाइन, उतारांचा ताबा घेतो. आणि नैनिताल जवळ येऊ लागते तशी सावलीच्या घळींमधून व उत्तराभिमुख उतारांवरून घुमटासारख्या दाट पर्णसंभाराची, काळपट हिरवी झाडे दिसू लागतात, जी वाऱ्याची झुळूक आली की एकाएकी राखाडी-पांढरी भासतात आणि वारा पडला की पुन्हा पूर्ववत होतात. हा बांज होय. वनस्पतिशास्त्रात त्याला क्वेर्कस ल्युकोट्रायकोफोरा म्हणतात, आणि पाकिस्तानातील डोंगरांपासून नेपाळपर्यंत पसरलेल्या मध्यम उंचीच्या हिमालयातील हा सर्वांत परिचित सदाहरित ओक आहे.

मराठी वाचकाला ओक ठाऊक असतो तो बहुधा इंग्रजी पुस्तकांतून, आणि तो ओक नागमोडी कडांच्या पानांचा, हिवाळ्यापूर्वी निष्पर्ण होणारा युरोपीय वृक्ष असतो. दख्खनच्या पठारावर किंवा सह्याद्रीत ओकची एकही जात नैसर्गिकरीत्या वाढत नाही, त्यामुळे या झाडाशी तुलना करण्याजोगे काही प्रवाशाच्या गाठीशी नसते. अपवाद एकच, आणि तोही घरात असूनही सहसा ओळखला न जाणारा: बाळगुटीत उगाळले जाणारे मायफळ हे फळ नव्हेच, तर पश्चिम आशियातील क्वेर्कस इन्फेक्टोरिया या ओकच्या डहाळीवर एका चिमुकल्या कीटकाने अंडी घातल्यामुळे उठलेली, टॅनिन या तुरट द्रव्याने भरलेली गाठ असते. बांजाच्या सालीत आणि पानांतही टॅनिन असते, पण कुमाऊंमध्ये त्याची किंमत औषधासाठी नाही; ती चाऱ्यासाठी, सरपणासाठी आणि पाण्यासाठी आहे.

बांज ओळखण्याची खूण पानाच्या पाठीवर असते. पान साधारण सहा ते सोळा सेंटिमीटर लांब, लांबट-भाल्याच्या आकाराचे, चामड्यासारखे जाड आणि टोकाकडे अणकुचीदार होत गेलेले असते. कडेवर, विशेषतः वरच्या भागात, करवतीसारखे तीक्ष्ण दाते असतात आणि मधल्या शिरेपासून निघालेल्या समांतर उपशिरा दात्यांपर्यंत जाऊन भिडतात. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत व गडद हिरवा, तर खालचा पृष्ठभाग दाट पांढऱ्या लवेने इतका झाकलेला असतो की पान उलटले असता हाताला मऊ कापडासारखे लागते. वाऱ्यात झाडाचा रंग बदलतो तो याच कारणाने. वसंतातील कोवळी पालवी मात्र गुलाबी-जांभळट असते आणि त्या काही आठवड्यांत दुरून पाहणाऱ्याला झाड फुलले आहे की काय असा भास होतो. खोड करडे-तपकिरी असून त्याची साल भेगाळून लहान लहान खवल्यांनी सुटते. जुन्या, ओलसर रानात या खवल्यांवर शेवाळ, दगडफूल, नेचे आणि ऑर्किड यांची इतकी दाटी होते की मूळ साल दिसेनाशी होते. फळ म्हणजे ओक कुळाची सर्वत्र आढळणारी रचना: कठीण कवचाचे, एकच बी असलेले, लंबगोल टोकदार फळ, ज्याचा खालचा भाग खवल्याखवल्यांच्या वाटीत बसवलेला असतो. ही वाटी पाहिली की झाड ओकचे आहे याविषयी शंका उरत नाही. पण ते कोणत्या ओकचे, हे ठरवण्यासाठी पुन्हा पानाच्या पाठीकडेच वळावे लागते.

या झाडाच्या शास्त्रीय नावालाही थोडा इतिहास आहे. विल्यम रॉक्सबर्गने त्याला क्वेर्कस इन्काना म्हटले होते आणि जुन्या वनखात्याच्या पुस्तकांत तेच नाव सापडते; परंतु ते नाव त्यापूर्वीच अमेरिकेतील एका ओकला दिले गेले असल्यामुळे ओकच्या प्रचंड ग्रंथाची कर्ती असलेल्या एमे काम्यू या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रीने बांजाला नवे नाव दिले. जुनी पुस्तके घेऊन हिंडणाऱ्या अभ्यासकाने एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

सदाहरित या शब्दाने पाने कधी गळतच नाहीत असा समज होतो, आणि बांजाच्या बाबतीत तो साफ चुकीचा ठरतो. बांजाचे एक पान साधारण वर्षभरच जगते. मार्च-एप्रिलमध्ये नवी पालवी फुटू लागते आणि त्याच सुमारास, कोरड्या व तापत्या दिवसांत, मागील वर्षाची पाने गळतात; नवे पान येण्याची आणि जुने जाण्याची वेळ एकमेकींत मिसळलेली असल्यामुळे झाड कधी उघडे पडत नाही, इतकेच. या वेळापत्रकाचे दोन परिणाम आहेत आणि बांजाचे पुढचे सगळे भाग्य-दुर्भाग्य त्यांतून निघते. पहिला असा की पावसाळा तोंडावर आलेला असताना जमिनीवर ताज्या पानांचा जाड थर तयार होतो, जो पावसाचा मारा झेलतो आणि ओलाव्यात लवकर कुजून काळी, भुसभुशीत माती घडवतो. दुसरा असा की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, जेव्हा गवत वाळून गेलेले असते, तेव्हा बांज मात्र हिरवागार उभा असतो. गुरांसाठी हिरवा चारा शोधणाऱ्या डोंगरी गावाची नजर त्या दिवसांत दुसरीकडे कोठे जाणार?

नैनिताल तलावाची पातळी सुमारे १,९४० मीटर आहे आणि त्याच्या उत्तरेला उभे असलेले नैना शिखर २,६०० मीटरहून थोडे अधिक उंच आहे. तलावाकाठून शिखराकडे जाणारी पायवाट ही हिमालयातील ओकच्या जाती पाहण्यासाठी विलक्षण सोयीची जागा आहे, कारण उत्तराखंडातील पाच सदाहरित ओकांपैकी बहुतेक या एकाच चढणीच्या परिसरात उंचीनुसार भेटतात. ढोबळ मानाने बांजाचा पट्टा १,२०० ते २,४०० मीटरांचा, आणि तलावाभोवतीच्या उतारांवर तोच प्रमुख असतो. वर चढू लागल्यावर त्याच्यात एक निराळे झाड मिसळू लागते, ज्याला कुमाऊंमध्ये तिलोंज आणि गढवालाकडे मोरू म्हणतात. याचे शास्त्रीय नाव क्वेर्कस फ्लोरिबुंडा. तिलोंजाचे पान बांजापेक्षा आखूड व रुंदट असते, आणि उलटून पाहिले तर पाठीवर लव नसते. दोन्ही बाजू हिरव्या व चकचकीत असतात. ही एक खूण पक्की झाली की दुरूनही फरक कळू लागतो, कारण वाऱ्यात तिलोंज पांढरा होत नाही. त्याची झाडे ताठ व उंच वाढतात आणि सावलीच्या, दमट उतारांवर त्यांचे रान बांजाच्या रानापेक्षा अधिक अंधारे वाटते.

शिखराच्या जवळ गेल्यावर खर्सू, म्हणजे क्वेर्कस सेमेकार्पिफोलिया, लागतो. त्याचा मुख्य प्रदेश याहून पुष्कळ वर, साधारण २,४०० पासून ३,५०० मीटरांपर्यंत आहे. गढवालमधील चोपत्याहून तुंगनाथाकडे जाणाऱ्यांना तो वृक्षरेषेपर्यंत सोबत करतो आणि तेथील वाकडी, बर्फाने दबलेली झाडे याच जातीची असतात. खर्सूच्या पानाची पाठ तपकिरी, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची असते. नवख्याची फसगत करणारी गोष्ट ही की खर्सूच्या एकाच झाडावर दोन प्रकारची पाने सापडतात: रोपाची आणि खालच्या फांद्यांची पाने काठावर काटेरी, जणू गुरांना तोंड लावू न देण्यासाठीच घडलेली, तर वरच्या प्रौढ फांद्यांची पाने अखंड कडांची व गोलसर असतात. नैनितालच्या परिसरात मोजक्या ठिकाणी आढळणारा रियांज, म्हणजे क्वेर्कस लॅनाटा, बांजाशी सर्वाधिक साम्य असलेला आहे. पण त्याच्या पानाची पाठ पांढरी नसून लोकरीसारख्या दाट, पिवळट-तपकिरी लवेची असते. उरला फल्यांट, क्वेर्कस ग्लाउका, जो या चढणीवर नव्हे तर खाली, ओढ्यांच्या काठी भेटतो. त्याचे पान लांब टोकाचे असते आणि फळाच्या वाटीवर खवल्यांऐवजी एकात एक बसवलेली वर्तुळाकार कडी असतात, त्यामुळे फळ हाती लागल्यास त्याची ओळख सर्वांत सोपी.

या ओकांच्या सोबतीला बुरांश, अयार आणि काफळ ही झाडे असतात. त्यांतील बुरांशाची लाल फुले वसंतात प्रवाशांचे सगळे लक्ष वेधून घेतात, त्यामुळे छायाचित्रांत बांज केवळ पार्श्वभूमी म्हणून येतो. वास्तविक बुरांश ज्या सावलीत आणि मातीत वाढतो ती बहुतांशी बांजानेच तयार केलेली असते.

बांजाला एप्रिल-मेच्या सुमारास फुले येतात. नरफुले बारीक लोंबत्या तुऱ्यांत असतात आणि त्यांचे पराग वाऱ्याने वाहून जातात. मादीफुले इतकी लहान असतात की शोधल्याशिवाय दिसत नाहीत. फळ त्याच वर्षी पिकत नाही, ते दुसऱ्या वर्षावर जाते, म्हणून एकाच फांदीवर कोवळी व मोठी अशी दोन वयांची फळे दिसू शकतात. पिकलेली फळे हिवाळ्यात गळतात. लंगूर, अस्वल, उडत्या खारी आणि निळसर पंखांचे ‘जे’ नावाचे पक्षी ती खातात, आणि हे पक्षी काही फळे पुरून विसरतात हा झाडाचा फायदा. बी मात्र नाजूक असते: उन्हात उघडे पडले तर सुकून मरते, भुंग्याच्या अळीने पोखरले तर निकामी होते, आणि पावसाळ्यापर्यंत टिकून राहायचे तर त्याला पालापाचोळ्याचे पांघरूण लागते. खर्सूने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. त्याची फळे ऐन पावसाळ्यात पिकतात आणि लगेच, कधी कधी तर झाडावर असतानाच, रुजू लागतात. यात जोखीम उलटी आहे, कारण फळ पिकण्याची आणि पाऊस येण्याची वेळ चुकली की त्या वर्षाचे बी वाया जाते.

बांज आणि चीड यांच्या सीमारेषेवर कुमाऊंचा आधुनिक इतिहास घडला असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. बांजाचे लाकूड कठीण असले तरी वाळताना वाकते व तडकते, त्यामुळे नांगर, कुऱ्हाडीचे दांडे, सरपण आणि कोळसा यांपलीकडे व्यापारात त्याला मोल नव्हते. चिडापासून मात्र लिसा, म्हणजे टर्पेंटाइन व रोझिन देणारी राळ, मिळत होती आणि त्याच्या लाकडाचा बाजार होता. ब्रिटिश वनखात्याने साहजिकच चिडाला जवळ केले, १९११ ते १९१७ या काळात कुमाऊंची जंगले मोठ्या प्रमाणावर राखीव केली आणि गावांच्या चराई-सरपणाच्या हक्कांवर निर्बंध घातले. १९२१ मध्ये बेगारीविरुद्धच्या आंदोलनाबरोबरच राखीव जंगलांना आगी लावल्या गेल्या. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी दाखवून दिल्याप्रमाणे त्या आगींचा रोख चिडाच्या रानांवर होता, रुंद पानांच्या रानांना लोकांनी हात लावला नाही. कोणते रान आपले आणि कोणते सरकारचे याची जाण त्यातून उघड होते. पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले आणि गावांच्या हाती काही रान परत आले.

स्वातंत्र्यानंतर याच प्रश्नाकडे लक्ष वेधणाऱ्यांत मीराबेन अग्रणी होत्या. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले त्याआधीच तेथे जाऊन राहिलेल्या या इंग्रज शिष्येने नंतर गढवालमध्ये भिलंगना नदीच्या खोऱ्यात आश्रम थाटला आणि १९५० च्या दशकाच्या प्रारंभी हिमालयात काहीतरी बिघडते आहे असा इशारा देणारा लेख लिहिला. पूर आणि भूस्खलने वाढण्यामागे केवळ वृक्षतोड नाही, तर बांजाच्या जागी चीड पसरत आहे हेही कारण आहे, हे त्यांचे निरीक्षण होते. नैनितालच्या कुमाऊं विद्यापीठातील जे. एस. सिंह आणि एस. पी. सिंह या परिस्थितिविज्ञांच्या दीर्घ अभ्यासाने त्या पसरण्याची एक यंत्रणा स्पष्ट केली. चिडाच्या गळलेल्या सुयांत, ज्यांना येथे पिरूल म्हणतात, नायट्रोजन फार कमी असतो. त्या कुजवणारे सूक्ष्मजीव आपल्या गरजेसाठी मातीतलाच नायट्रोजन ओढून धरतात, आणि सुपीक मातीची सवय असलेल्या बांजाच्या रोपाला तेथे परत पाय रोवणे अवघड होते. शिवाय पिरूल सहज पेटतो. चिडाची जाड साल आग सोसते आणि त्याचे हलके पंखधारी बी उघड्या, जळालेल्या जमिनीवर आनंदाने रुजते. म्हणजे एकदा फांद्यांची छाटणी आणि वणवा यांनी बांजाचे छत्र विरळ केले की चीड केवळ जागा घेत नाही, ती जागा आपल्यापुरती राखूनही ठेवतो.

बांजाच्या मुळांतून थंड पाणी येते असे कुमाऊंत सर्वत्र सांगितले जाते, आणि जुने नौले, म्हणजे दगडी बांधणीचे पायऱ्यापायऱ्यांचे झरेकुंड, पुष्कळदा बांजाच्या रानाखाली आढळतात. या समजुतीत तथ्य आहे, पण ते मुळांनी पाणी निर्माण करण्याचे नाही. पानांचा थर आणि भुसभुशीत माती पावसाचे पाणी वाहून जाऊ न देता मुरवतात आणि ते महिनोन् महिने झिरपत राहते. झरा नेमका कोठे फुटेल आणि किती दिवस टिकेल हे मात्र खालच्या खडकाच्या भेगाही ठरवतात. म्हणून नौला आटला की बांज लावा, हा सल्ला चांगला असला तरी त्याने दहा-पाच वर्षांत पाणी परत येईलच असे मानू नये. बांज हळू वाढतो, आणि पहिली काही वर्षे तर तो जमिनीवर वाढण्यापेक्षा सोटमूळ खोल घालण्यातच घालवतो.

अल्मोड्याच्या पुढे बिनसर येथे, जेथे मुख्यत्वे ओकचे रान वाचवण्यासाठी १९८८ मध्ये अभयारण्य घोषित झाले, बांजाची दोन रूपे शेजारी शेजारी पाहता येतात. अभयारण्याच्या कडेच्या गावांजवळचे बांज खांबासारखे उभे असतात: खोड उंच, फांद्या बुडापासून छाटलेल्या, आणि शेंड्याला व छाटलेल्या गाठींवर पानांचे झुबके. हिवाळ्यात बायका दराती, म्हणजे विळा, घेऊन या झाडांवर चढतात, पाला खाली टाकतात आणि त्याचे भारे पाठीवरून घरी नेतात. गळलेली पानेही गोळा करून गोठ्यात अंथरली जातात आणि शेणाबरोबर खत होऊन शेतात जातात. याला नासधूस म्हणणे सोपे आहे, पण डोंगरी शेतीचा सारा डोलारा त्यावर उभा आहे. अडचण वेगळी आहे. वर्षानुवर्षे छाटलेले झाड जगते, पण फळ फारसे धरत नाही, आणि ज्या जमिनीवरचा पाला उचलला जातो तेथे पडलेले बी सुकते. त्यामुळे म्हातारे बांज दिसतात, रोपे दिसत नाहीत. हिवाळ्यातही हिरवे राहण्याच्या ज्या गुणाने झाड गावाला हवेसे झाले, तोच गुण त्याच्या वंशावर उलटला. (बांजाच्या पाल्यावर टसर रेशमाचे किडे पाळण्याचे प्रयोगही या भागात झाले आहेत, भंडारा-गडचिरोलीकडे ऐन व अर्जुनाच्या पानांवर पोसल्या जाणाऱ्या टसर किड्याचे ते भाऊबंद. तथापि चाऱ्याशी स्पर्धा करणारा कोणताही उद्योग येथे फार वाढेल असे वाटत नाही.)

आत, सुमारे २,४०० मीटर उंचीच्या झीरो पॉइंटकडे जाणाऱ्या वाटेवर, रूप पालटते. तेथील बांज, तिलोंज आणि बुरांश जमिनीपासूनच फांद्या फुटलेले, शेवाळाने मढलेले आहेत आणि पावलाखाली पानांचा थर दबतो. पण अभयारण्याच्या खालच्या उतारांवर चीड आहे, आणि वणवे तेथून वर चढतात. जून २०२४ मधील अशाच एका वणव्यात आग विझवायला गेलेले वनविभागाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले. जळालेला बांज लगेच मरतोच असे नाही, त्याच्या बुंध्यातून नवे कोंब फुटतात, मात्र वणवा वारंवार आल्यास तेही टिकत नाहीत. या कोंबांची पाने नेहमीपेक्षा अधिक काटेरी दात्यांची असतात आणि पाहणाऱ्याला खर्सूच्या रोपाची शंका येते. अशा वेळी दात्यांवर विसंबू नये, पान उलटावे, पाठ तपकिरी असेल तर खर्सू, पांढरी असेल तर बांज.